ड्रिलच्या मोटरवर चालणारा रोबो

आलापल्ली-बल्लारपूरचे सागवान देशभर जाते. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी लाकूड गेले तेही इथूनच. त्या लाकडावर काम करणाऱ्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या सुताराच्या पिशवीत आता कॉर्डलेस ड्रिल हमखास सापडते. दोन-तीन वर्षांत त्याची बॅटरी बसते. नवीन बॅटरीची किंमत जवळजवळ नव्या ड्रिलएवढी निघते आणि यंत्र कोपऱ्यात पडते. आतली मोटर आणि गिअरबॉक्स मात्र बहुतेक वेळा धडधाकट असतात. रोबो बनवणाऱ्या मुलांनी शोधावी ती वस्तू हीच.

२०१६ पासून अटल इनोव्हेशन मिशनमुळे शाळाशाळांत अटल टिंकरिंग लॅब उघडल्या आणि सहावी ते बारावीच्या मुलांच्या हाती मोटरी, सेन्सर आणि कंट्रोलर आले. किटमधल्या पिवळ्या प्लास्टिकच्या गिअर मोटरवर किलोभराची गाडी मजेत धावते. पण पुढे अभियांत्रिकीला गेल्यावर, रोबोकॉनसारख्या रोबो स्पर्धेची स्वप्ने पडू लागल्यावर, दहा-पंधरा किलोचा रोबो हलवायचा असतो. एवढ्या वजनाला पुरणारी तयार गिअर मोटर महाग पडते आणि ती नागपूरहून किंवा कुरिअरने मागवावी लागते. नागपूर चंद्रपूरपासून दीडशे किलोमीटरवर आहे. गडचिरोली जिल्ह्यात तर रेल्वे स्टेशन म्हणावे असे वडसा हे एकच. भामरागड किंवा सिरोंच्याच्या मुलाची मोटर जळली तर नवीन येईपर्यंत त्याचा उत्साह निम्मा होतो. म्हणून इथे मोटर मिळवण्याइतकेच ती टिकवणे आणि स्वतः दुरुस्त करणे महत्त्वाचे आहे.

एक पर्याय आधीच बाजूला ठेवू. कोळशाच्या ट्रकांचा हा मुलूख असल्याने भंगारात वायपर मोटर स्वस्तात मिळते. ती दणकट असते, पण मिनिटाला जेमतेम ४० ते ७० फेरे फिरते आणि तिच्या वर्म गिअरमध्ये बरीच शक्ती वाया जाते. वजन उचलणाऱ्या हाताला ती उत्तम. पळणाऱ्या चाकाला ड्रिलचीच मोटर हवी.

ड्रिलचे कवच उघडले की तीन भाग दिसतात. मागे मोटर, मध्ये गिअरबॉक्स, पुढे क्लच आणि चक. मोटर बहुधा ‘५५०’ मापाची असते, म्हणजे साधारण ३६ मि.मी. व्यासाचा आणि ५७ मि.मी. लांबीचा पत्र्याचा डबा. आत दोन फेराइट चुंबक, मधोमध तांब्याच्या तारेचे आर्मेचर, आर्मेचरच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर आणि त्यावर टेकलेले दोन कार्बन. १२ व्होल्टवर ही मोटर रिकामी फिरताना मिनिटाला १५ ते २० हजार फेरे घेते. एवढा वेग चाकाला नको असतो, म्हणून पुढे प्लॅनेटरी गिअर येतात. मध्ये छोटा गिअर, भोवती तीन किंवा अधिक गिअर, त्यांच्याबाहेर आतून दात असलेले कडे. असे दोन-तीन टप्पे एकापुढे एक बसवलेले असतात. दोन वेगांच्या ड्रिलमध्ये मधले कडे मागेपुढे सरकते आणि एक टप्पा कामात येतो किंवा बाजूला होतो. ‘१’ वर चक मिनिटाला चारशेच्या आसपास फिरतो, ‘२’ वर तेराशे-चौदाशे.

हिशोबासाठी एक मोटर गृहीत धरू. १२ व्होल्ट, रिकामा वेग १८ हजार, आतल्या तारेचा रोध ०.२ ओहम. गिअर ‘१’ वर वेग पंचेचाळीस पटींनी कमी होतो, ‘२’ वर तेरा पटींनी. १०० मि.मी. व्यासाचे चाक लावले तर ‘१’ वर रिकामा वेग सेकंदाला दोन मीटरच्या थोडा वर जातो, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसापेक्षा जास्तच. ‘२’ वर तोच सात मीटरवर जातो. मुलांना साहजिकच ‘२’ हवा असतो. पुढचे आकडे पाहिल्यावर मात्र बहुतेक जण ‘१’ वर येतात.

रोबो पंधरा किलोचा, दोन्ही चालत्या चाकांवर वजन निम्मे-निम्मे आणि रबराची जमिनीवरची पकड चांगली. समोर भिंत आली आणि रोबो रेटत राहिला, तर चाक घसरायला लागण्याआधी त्याला सुमारे ३ न्यूटन-मीटर टॉर्क द्यावा लागतो. त्यासाठी, गिअरमधली घट धरून, गिअर ‘१’ वर मोटर साधारण १५ अँपिअर घेते, तर ‘२’ वर तेवढ्याच कामाला ४५ अँपिअर. प्रवाह तिप्पट झाला, पण तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. म्हणजे पहिल्यात ४५ वॅट आणि दुसऱ्यात ४०० वॅट, नऊपट. चाकाचा व्यास दुप्पट केला तरी हाच प्रकार, टॉर्क दुप्पट आणि उष्णता चौपट. हे आकडे मी मुलांना फळ्यावर स्वतः मांडायला लावतो, कारण मोटर जळण्याची निम्मी कारणे यातच सापडतात. चाक घसरण्याआधी मोटर कधीच अडकू नये, असा गिअर आणि असे चाक निवडले की बाकीची देखभाल सोपी होते.

मोटर पूर्ण अडकली तर काय होते तेही बघा. १२ व्होल्ट भागिले ०.२ ओहम, म्हणजे ६० अँपिअर आणि ७२० वॅट. घरातल्या इस्त्रीइतकी उष्णता मुठीत मावणाऱ्या डब्यात, आणि आर्मेचर थांबलेले असल्याने पंखाही बंद. काही सेकंदांत तारेवरचे एनॅमल करपते. तो वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही.

आता उघडण्याकडे. सर्वांत आधी चक काढा, आणि तो ड्रिल सगळे जोडलेले असतानाच काढा. चकचे जबडे पूर्ण उघडले की तळाशी एक स्क्रू दिसतो. त्याचे आटे उलटे असतात, म्हणून तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. मग जबड्यात जाड एलन की पकडा, गिअर ‘१’ वर ठेवा आणि कीच्या लांब बाजूवर लाकडी हातोड्याने उलट दिशेने झटका द्या. चक सुटतो. आतल्या दांड्यावर बहुधा अर्धा इंच-२० किंवा तीन अष्टमांश इंच-२४ असे आटे असतात. त्याच आट्यांचा हब आयटीआयमधल्या किंवा एमआयडीसीतल्या टर्नरकडून करून घेता येतो. हब करताना उलट्या आट्याच्या स्क्रूसाठी मधोमध भोक ठेवायला सांगा. तो स्क्रू नसला तर उलटे फिरताना चाक स्वतःच सुटून बाजूला पडते.

क्लच म्हणजे चकमागची आकडे लिहिलेली रिंग. ड्रिलमध्ये तिचे काम स्क्रूचे डोके वाचवणे. शेवटच्या टप्प्यातले कडे बॉल आणि स्प्रिंगने दाबून धरलेले असते. जोर वाढला की बॉल उचलले जातात, कडे घसरते आणि कट-कट आवाज येतो. रोबोच्या चाकाला ही घसरण नको. पुढचे प्लास्टिक ठेवणार असाल तर रिंग ड्रिलच्या चिन्हावर फिरवून पक्की करा. प्लास्टिक काढून टाकणार असाल तर बॉलच्या जागी त्याच मापाचे ग्रब स्क्रू बसवून कडे अडवा. ते कड्याला टेकतील एवढेच आवळा. जास्त आवळले तर कडे वाकडे होते आणि गिअर आतून घासू लागतात. वेगाचे सरकते कडेही ‘१’ वर तारेने किंवा स्क्रूने बांधून टाका, नाहीतर खडबडीत जागेवरच्या हादऱ्याने ते मध्येच सरकते.

त्याहून कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे स्पिंडल लॉक. आजच्या बहुतेक ड्रिलमध्ये चक हाताने फिरवला तर फिरत नाही, मोटरने फिरवला तरच फिरतो. आत छोट्या रोलर पिना असतात, त्या बाहेरून आलेला जोर अडवतात. रोबोचा वेग कमी करताना वजनाच्या रेट्याने चाक मोटरला ढकलू लागते. तेव्हा या पिना पकडतात, सुटतात, पुन्हा पकडतात. रोबो धक्के खात थांबतो आणि प्रत्येक धक्का गिअरच्या दातांवर बसतो. चाकासाठी वापरताना पिना काढून ठेवाव्यात. रोबोच्या उचलणाऱ्या हातासाठी मात्र त्या जपून ठेवा, वीज बंद झाली तरी हात जागच्या जागी राहतो.

मोटर वेगळी केल्यावर आधी ती हाताने फिरवा. चुंबकांमुळे थोडे अडखळत फिरणे ठीक, पण घासल्याचा किंवा खरखरीचा स्पर्श नको. मग मल्टीमीटर. कम्युटेटरची कोणतीही पट्टी आणि मधला दांडा यांच्यात जोडणी दाखवली, तर तारेचे एनॅमल फुटलेले आहे आणि ती मोटर सोडून द्यावी. पट्ट्यापट्ट्यांमधला रोध सारखा हवा. पण तो ओहमच्या अंशात असतो आणि साध्या मीटरच्या वायरीच तेवढा रोध दाखवतात. म्हणून प्रवाह मर्यादित ठेवता येणाऱ्या पॉवर सप्लायमधून एक अँपिअर सोडा आणि पट्ट्यांवर मिलिव्होल्ट मोजा. एक अँपिअरला २०० मिलिव्होल्ट म्हणजे ०.२ ओहम. एखाद्या जोडीचा आकडा इतरांपेक्षा बराच कमी आला तर आत वेढे एकमेकांना चिकटलेले आहेत. बराच जास्त आला तर सांधा सुटला आहे.

कम्युटेटर कसा दिसतो यावरून मोटरचे आयुष्य वाचता येते. कार्बन घासतो त्या वाटेवर तपकिरी, गुळगुळीत चमक असेल तर प्रकृती उत्तम, ती खरवडू नका. काळा थर, खड्डे किंवा एकाआड एक जळलेल्या कडा दिसल्या तर काम आहे. पट्ट्यांमधल्या बारीक खाचांत कार्बनची भुकटी साचते आणि तिच्यातून वीज आडवाटेने वाहते. ती टूथपिकने काढा, स्क्रूड्रायव्हरने नको, तांबे ओरखडते. पृष्ठभाग खडबडीत असेल तर ६०० नंबरचा साधा पॉलिश पेपर पट्टीसारखा गुंडाळून आर्मेचर हलके फिरवा. लोखंड घासायचा काळा एमरी टाळा, त्याचे कण तांब्यात रुततात. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू द्या.

चंद्रपूरची हवा इथे आडवी येते. औष्णिक केंद्राची राख, कोळशाची धूळ, सिमेंट आणि सुताराकडे असतानाच आत गेलेला सागाचा भुसा. राखेत सिलिका असते, ती कम्युटेटर आणि बुश दोन्ही घासून काढते. मोटरच्या डब्याच्या खिडक्या पूर्ण बंद केल्या तर ती गुदमरते. त्यांवर बारीक नायलॉन जाळी बसवावी आणि दर थोड्या दिवसांनी ब्रशने झाडावी. भुसा साफ करताना ब्लोअरची हवा आतून बाहेर निघेल अशी मारा, नाहीतर धूळ आणखी आत जाते.

कार्बन झिजणारच, त्यांचे कामच ते आहे. स्प्रिंगचा दाब कमी पडू लागेपर्यंत थांबू नका. कार्बन निम्मा झाला की बदला. नेमका तुमच्या मोटरचा कार्बन गावात मिळणार नाही, आणि इथेच बरेच जण चुकतात. दुकानात सहज मिळणारा ग्राइंडरचा कार्बन घासून बसवतात. तो २३० व्होल्टसाठी बनवलेला असतो, त्याचा स्वतःचा रोध जास्त. १२ व्होल्टमधले दीड-दोन व्होल्ट तोच खातो, तापतो आणि रोबो मरगळतो. कमी व्होल्टच्या मोटरला तांबे मिसळलेला कार्बन लागतो. मोटरसायकलच्या सेल्फ स्टार्टरचा कार्बन त्या जातीचा असतो. तो कानशीने मापात घासून बसवता येतो आणि चांगले काम देतो. त्यात तांबे बरेच असल्याने कम्युटेटर मात्र अधूनमधून तपासत राहा.

नवीन कार्बन लावल्यावर लगेच रोबोत बसवू नका. कार्बनचे टोक सपाट असते आणि कम्युटेटर गोल, दोन्ही फक्त एका रेघेवर टेकतात. मोटर रिकामी, तीन व्होल्टच्या आसपास, अर्धा-एक तास फिरू द्या. कार्बन वळण घेतो आणि ठिणग्या बारीक होतात. मग साफ करून बसवा. हा वेळ मुलांना फार जड जातो, पण या एका तासाने मोटरचे आयुष्य खरोखर वाढते.

बुशविषयी थोडक्यात. आर्मेचरच्या दोन टोकांना तेल शोषलेल्या ब्राँझच्या बुश असतात. प्रत्येकी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे. जास्तीचे तेल उडून कम्युटेटरवर जाते आणि कार्बनच्या भुकटीचा चिखल होतो. गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे वंगण नव्हे.

आता जरा खोलात जाऊ. दोन सारख्या ड्रिलच्या मोटरी काढल्या, डावी-उजवी लावल्या, दोघींना सारखे व्होल्ट दिले, तरी रोबो एका बाजूला वळतो. मुले चाके तपासतात, प्रोग्राम तपासतात. कारण बहुधा मोटरीतच असते. वजन घेतलेल्या मोटरमध्ये आर्मेचरचे स्वतःचे चुंबकत्व मूळ चुंबकांच्या क्षेत्राला तिरके करते. ठिणग्या कमी पडाव्यात म्हणून काही कारखानदार कार्बन आर्मेचरच्या फिरण्याच्या उलट दिशेला किंचित सरकवून बसवतात. ड्रिल बहुतेक वेळ सुलटेच फिरते, त्यामुळे त्याचा फायदाच होतो. रोबोत मात्र दोन मोटरी समोरासमोर असतात आणि पुढे जाताना एक सुलटी फिरते, एक उलटी. उलटी फिरणारी ठिणग्या जास्त टाकते, प्रवाह जास्त घेते आणि तिचे कार्बन लवकर झिजतात. ओळखायला सोपे आहे. मोटर रिकामी ठेवा, तेच व्होल्ट दोन्ही दिशांनी द्या आणि प्रवाह व वेग मोजा. दोन्हीकडे सारखे आले तर ती मधोमध बसवलेली आहे. फरक असेल आणि मागचे झाकण पत्र्याच्या दुमडलेल्या कानांनी धरलेले असेल, तर कान अलगद उचलून झाकण अंशाअंशाने फिरवत दोन्हीकडचा प्रवाह सारखा होईपर्यंत जुळवता येते. झाकण फिरत नसेल तर कंट्रोलरमध्ये वेगवान बाजूचा वेग थोडा कमी करा आणि उलट्या बाजूचे कार्बन आधी तपासण्याची सवय ठेवा.

गिअरबॉक्स अवघड नाही. जुने काळे ग्रीस टर्पेंटाइनने धुवा. पेंटचा थिनर प्लास्टिकच्या गिअरना खातो, तो नको. स्वस्त ड्रिलमध्ये पहिल्या टप्प्याचे गिअर प्लास्टिकचे असतात. तिथे वेग जास्त आणि जोर कमी असल्याने ते चालून जाते, बदलायची घाई करू नका. तुटलेले दात बहुधा शेवटच्या टप्प्यात सापडतात, आणि ते धडकन पुढे-मागे केल्याने तुटलेले असतात. कंट्रोलरमध्ये दिशा बदलण्याआधी पाव सेकंद शून्यावर थांबायची ओळ घाला. मल्टिपर्पज लिथियम ग्रीस दातांना लागेल एवढेच भरा, पोकळीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको. जादा ग्रीस घुसळले जाऊन गरम होते आणि उन्हाळ्यात पातळ होऊन मोटरकडे उतरते.

इतके झाल्यावर ताकद वाढवण्याचा विचार करावा, आणि तोही सर्वांत कमजोर कडीपासून. बहुतेक वेळा ती मोटर नसते. आधी वायर बघा. बॅटरीपासून मोटरपर्यंत जाऊन-येऊन एक मीटर, ०.७५ चौरस मि.मी.ची वायर, ४० अँपिअर प्रवाह. तिथेच जवळजवळ एक व्होल्ट जातो आणि ३७ वॅट वायरीत तापतात. २.५ चौरस मि.मी.ची वायर लावली तर नुकसान एक तृतीयांशाहून कमी. घरच्या वायरिंगची वायर ताठ असते आणि हादऱ्याने सांध्याशी तुटते, म्हणून बारीक तारांची लवचीक घ्या. जोडण्या पिळून टेप लावू नका, सोल्डर करा किंवा चांगले कनेक्टर वापरा.

मग ड्रायव्हर, म्हणजे कंट्रोलरच्या इशाऱ्यावर मोटरला वीज देणारा बोर्ड. शाळेच्या किटमधला एल२९८ हा ड्रायव्हर प्रत्येक बाजूला दोन अँपिअरचा. ड्रिलच्या मोटरपुढे तो काहीच नाही. बीटीएस७९६० चिपचे मॉड्यूल स्वस्त मिळते आणि त्यावर ४३ अँपिअर लिहिलेले असते. ती चिपची मर्यादा आहे, मागचा छोटा ॲल्युमिनियमचा हीटसिंक तेवढा प्रवाह सतत पेलत नाही. चिप तापली की स्वतःला बंद करते आणि रोबो मैदानात मधेच थबकतो. गिअर ‘१’ वरचे १५ अँपिअर ठेवायचे असतील तर छोटा पंखा लावून हे मॉड्यूल उपयोगी पडते. त्याहून जास्त हवे तर मोठ्या क्षमतेचा ड्रायव्हर घ्यावा. प्रत्येक मोटरला फ्यूज हवाच. गाडीचा हिरवा, ३० अँपिअरचा ब्लेड फ्यूज कोणत्याही ऑटो इलेक्ट्रिशियनकडे मिळतो, अगदी आष्टी-अहेरीतसुद्धा.

रिमोट मधेच सुटत असेल तर रिमोटला दोष देण्याआधी मोटरच्या टोकांवर ‘१०४’ छापलेले, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा. एक दोन्ही टोकांमध्ये आणि एकेक प्रत्येक टोकापासून डब्याच्या पत्र्यापर्यंत. कार्बनच्या ठिणग्यांचा गोंगाट तिथल्या तिथे विरतो.

व्होल्ट वाढवणे शेवटी. १२ ची मोटर १८ वर चालवली तर वेग दीडपट होतो, पण अडकल्यावरची उष्णता सव्वादोनपट, ७२० ची १,६२० वॅट. हलका रोबो, छोटे चाक, गिअर ‘१’ आणि कंट्रोलरमध्ये प्रवाहाची मर्यादा असेल तरच हे करावे. तरीही मोटर कमी पडत असेल तर ‘७७५’ मापाची मोटर आहे. व्यास ४२ मि.मी.च्या वर, तांबे जास्त, त्यामुळे तापायलाही जास्त वेळ घेते. पण तिचा दांडा बहुधा ५ मि.मी.चा असतो, ५५० चा ३.१७ मि.मी., आणि स्क्रूची भोकेही वेगळ्या अंतरावर. मधली पट्टी आणि पिनियन (मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर) टर्नरकडून करून घ्यावे लागते. जुना पिनियन काढण्याआधी त्याचे दात मोजून लिहून ठेवा, एका दाताच्या फरकाने गिअर बसत नाहीत. नवीन पिनियन दाबताना आधार डब्याला देऊ नका. दांड्याच्या मागच्या टोकाला द्या, नाहीतर सगळा जोर मागच्या झाकणावर येऊन बुश सुटते.

आणि हवामान. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७-४८ अंशांवर जातो. पुण्याच्या प्रयोगशाळेत २५ अंशांवर सुरू होणारी मोटर इथे वीस अंश पुढून सुरू होते. तांबे शंभर अंशांनी तापले की त्याचा रोध सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. फेराइट चुंबक प्रत्येक अंशाला सुमारे ०.२ टक्के कमजोर होतो. म्हणजे गरम मोटर तेच काम करायला जास्त प्रवाह मागते, आणि जास्त प्रवाहाने आणखी तापते. मोटरच्या डब्यावर हात ठेवता येत नाही इतकी ती तापली की थांबा. आतले आर्मेचर बाहेरच्या पत्र्याहून कितीतरी गरम असते. सराव सकाळी करा, दोन धावांमध्ये छोट्या पंख्याची हवा द्या.

बॅटरीला ऊन त्याहून बाधते. लिथियम सेल ४५ अंशांवर चार्ज करू नयेत असे बहुतेक कारखानदार सांगतात. मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये हवाच तेवढी असते. चार्जिंग पहाटे, जमिनीवर, लाकूड आणि कागदापासून दूर, आणि कोणीतरी समोर असतानाच. जुन्या ड्रिलचा निकेल-कॅडमियम पॅक काढून लिथियमचा बसवताना लॅपटॉपमधून काढलेले सेल वापरू नका. ते मंद प्रवाहासाठी बनवलेले असतात. जास्त प्रवाहाचे सेल आणि बीएमएस, म्हणजे सेल सांभाळणारे सर्किट, घ्या. तयार ड्रिलची बॅटरी थेट रोबोला जोडणार असाल तर एक धोका लक्षात ठेवा. अनेक ब्रँडमध्ये बॅटरी उतरल्यावर वीज तोडण्याचे काम बॅटरी करत नाही, ड्रिलमधला सर्किट बोर्ड करतो. तो बोर्ड तुम्ही काढून टाकलेला असतो. रोबो सेल पार निचरेपर्यंत चालत राहतो आणि पॅक कायमचा जातो. प्रत्येक सेल ३ व्होल्टच्या खाली जाण्याआधी वाजणारा व्होल्टेज अलार्म थोड्या पैशांत मिळतो. तो पहिल्या दिवसापासून लावा.

गडचिरोलीत दोन-तृतीयांशाहून जास्त जमीन जंगलाखाली आहे आणि पावसाळ्यात दमट हवा महिनोन्महिने हटत नाही. तेव्हा उन्हाळ्याच्या उलट त्रास असतो. मोटर तापत नाही, गंजते. गिअरच्या कड्यांवर लाल ठिपके आणि टोकांवर हिरवा थर येतो. जून उजाडण्याआधी गिअरबॉक्स एकदा उघडून ग्रीसचा पातळ हात फिरवा. मोटर झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. सेल अर्ध्या चार्जवर, ३.७-३.८ व्होल्टवर, वेगळ्या जागी ठेवा. दर पंधरा दिवसांनी मोटर काढून तीन व्होल्टवर दोन-तीन मिनिटे दोन्ही दिशांनी फिरवा आणि रिकाम्या प्रवाहाचा आकडा वहीत लिहा. गेल्या वेळेपेक्षा तो वाढला असेल तर बुश कोरडी पडली आहे किंवा कम्युटेटरवर ओल धरली आहे. उघडा, पुसा, तेलाचा एक थेंब द्या आणि पुन्हा मोजा.